१८९२ चा चित्रपट कोण काढणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट झळकला आणि काही दिवसांतच मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्रीच्या अंधारात बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले. मोगलांचा खजिना तिथे पुरलेला आहे, अशी आवई उठली होती. त्याच चित्रपटातील चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. या दोन गोष्टींवरून एक बाब स्पष्ट होते. आपल्या देशात इतिहासाची पुस्तके वाचणारे थोडे आणि पडद्यावरचा इतिहास खरा मानणारे फार. पडद्यावर जे दिसले ते घडले आणि जे दिसले नाही ते घडलेच नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

म्हणूनच युद्धपटांकडे केवळ करमणूक म्हणून पाहून आमच्या समाजाला चालणार नाही. १९६४ च्या 'हकीकत'पासून १९९७ च्या 'बॉर्डर'पर्यंत आणि २००३ च्या 'एलओसी कारगिल'पासून २०१९ च्या 'उरी'पर्यंत आपल्याकडील युद्धपटांची एक ठरलेली घडण आहे. शत्रू सीमेपलीकडे असतो, आपली पलटण एकदिलाने लढते आणि शेवटी तिरंगा फडकतो. जवानाचे शौर्य दाखवलेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सैनिकावर अन्याय फक्त शत्रूच करतो काय? ज्याच्यासाठी तो लढला त्या सरकारने, ज्याच्या हुकमावरून तो गोळीसमोर उभा राहिला त्या लष्कराने त्याच्यावर अन्याय केला असेल, तर तो कोणत्या पडद्यावर दिसतो? हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विचारला गेला पाहिजे, कारण त्याचे उत्तर या मातीत आहे.

नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. हे दोन जिल्हे पूर्वी बहुतांशी एकच होते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, संस्थानांचा मुलूख त्यात मिळाला आणि दक्षिण सातारा हा जिल्हा तयार झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजच्या वाळवा, तासगाव, खानापूर भागातील एखाद्या आजोबांच्या जुन्या लष्करी कागदावर 'जिल्हा सातारा' असे लिहिलेले असेल, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

हा सारा मुलूख सैनिकांचा म्हणून ओळखला जातो. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. अपशिंगे या गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जाऊन बसला. पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर इंग्रजांनी बसवलेला एक छोटासा संगमरवरी दगड दिसतो. पहिल्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर त्यावर असतो. त्या दगडावर आकडा असतो, पण बहुधा नाव नसते. त्या आकड्यात पाटलाच्या वाड्यातला कोण आणि महारवाड्यातला कोण, हे दगड सांगत नाही. ते सांगणारी माणसेही आता राहिली नाहीत.

आता १८९२ कडे येऊ.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांच्या घराण्याचेच उदाहरण घ्या. आजोबा मालोजी सकपाळ लष्करात, वडील रामजी लष्करात, आई भीमाबाई यांचे वडील लष्करात. या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. गावातल्या शाळेच्या ओसरीवरही ज्याला उभे करत नसत, तो छावणीच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरवत होता. त्याला ठरलेल्या तारखेला पगार मिळत होता आणि म्हातारपणी पेन्शन मिळत होती. गावकीच्या कामासाठी भाकरीचा तुकडा मागत दारोदार फिरावे लागत नव्हते. सुभेदार म्हणून त्याला सलाम मिळत होता. हजारो वर्षांच्या बंदिस्त घराला पडलेली ही पहिली खिडकी होती.

ती खिडकी १८९२-९३ च्या सुमारास बंद करण्यात आली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मानेच लढवय्या आणि बाकीच्या जन्मानेच निकामी, हा 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त त्यांच्या काळात लष्कराचे धोरण बनला. पलटणींची रचना जातवार झाली. भरतीचा ओघ उत्तरेकडे, पंजाबकडे आणि सरहद्दीकडे वळला. महारांची भरती थांबली. जे नोकरीत होते त्यांना हळूहळू घरी बसवण्यात आले. मनूने धर्मग्रंथात सांगितलेली जातवारी गोऱ्या साहेबाने भरतीच्या वहीत उतरवून घेतली. उच्चवर्णीय शिपायाने महार सुभेदाराला सलाम का ठोकावा, ही इथल्या जातिव्यवस्थेची जुनी पोटदुखी होती. इंग्रजांच्या नव्या सिद्धान्ताने तिला आयतेच औषध मिळाले.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की महार शिपायांवर कोणताही आरोप ठेवला गेला नव्हता. ते रणातून पळाले, त्यांनी बंड केले, त्यांनी हुकूम मोडला, असे कोणी म्हटले नाही. चौकशी झाली नाही, कोर्ट मार्शल झाले नाही. एक धोरण ठरले, काही कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले आणि तीन-तीन पिढ्या ज्यांनी हाडे झिजवली त्यांच्या मुलांना भरतीच्या मैदानावरून परत पाठवण्यात आले. भीमराव तेव्हा मऊच्या छावणीत एक-दीड वर्षाचे बालक होते.

रामजी सुभेदार मऊच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार-मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर ते काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. साताऱ्याच्याच सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी हे नाव दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या शाळेच्या दारात आज आम्ही अभिमानाने फोटो काढतो. पण शाळेच्या त्या नोंदीच्या मागे लष्करातून मिळालेले शिक्षण होते आणि ते देणारा दरवाजा तोवर बंद झालेला होता, हे किती जणांच्या ध्यानात येते?

याच सातारा जिल्ह्यातील मसूर रेल्वे स्टेशनवर १९०१ साली काय घडले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूरला उतरली. अंगावर चांगले कपडे होते, त्यामुळे स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. जवळ डब्यात अन्न होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना.

ज्या लष्कराने या मुलांच्या बापाला सुभेदार-मेजर केले होते, त्याच लष्कराने या मुलांच्या जातीला नालायक ठरवून दहा वर्षेही झाली नव्हती. मसूरच्या स्टेशनमास्तरचा तिरस्कार आणि सिमल्याच्या सरसेनापतीचा सिद्धान्त ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. हा प्रसंग कोणत्याही युद्धपटाच्या पहिल्या दृश्यात शोभेल असा आहे. यात तोफ नाही, तलवार नाही, पण सैनिकावर झालेला अन्याय म्हणजे काय असते ते यात पुरेपूर आहे.

आमचे पूर्वज हा अन्याय मुकाट्याने गिळून बसले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले होते. भरतीबंदी आल्यावर त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली लष्कराकडे करावयाचा अर्ज तयार केला. खुद्द रामजी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या साहाय्याने या हुकमाविरुद्ध अर्ज केल्याचे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांना संघटित करून १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. लष्कर आणि पोलीस आम्हाला पुन्हा खुले करा, एवढीच मागणी होती.

साम्राज्याने ती ऐकली, पण स्वतःला गरज पडली तेव्हा. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडू लागली आणि काल नालायक असलेले महार एकाएकी लायक ठरले. १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे लागली. तेव्हा मात्र बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते. त्यांच्या आग्रहाने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि या वेळी ती मोडली गेली नाही. १८९२ ते १९४१ हा जवळजवळ पन्नास वर्षांचा काळ आहे. या पन्नास वर्षांवर एक तरी गाजलेला चित्रपट दाखवा, असे आम्ही जाहीर आव्हान देतो.

त्या काळावर चित्रपट निघत नाहीत असे मात्र नाही. २०१९ साली अक्षयकुमार यांचा 'केसरी' आला आणि भरपूर चालला. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सरहद्दीवरील सारागढीच्या ठाण्यात ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान शेवटच्या श्वासापर्यंत लढले. त्यांच्या शौर्यापुढे आम्हीही नतमस्तक आहोत. पण साल पाहा. १८९७! महारांच्या भरतीला दरवाजा लावून जेमतेम पाच वर्षे झाली होती. ज्या धोरणाने शिखांना लढवय्या म्हणून गौरवले, त्याच धोरणाने महारांना हाकलले होते. ते एकाच कागदाचे दोन रकाने होते. चित्रपटाने पहिला रकाना सोन्याच्या अक्षरांत वाचून दाखवला आणि दुसरा झाकून ठेवला. पाहणारा तरुण घरी जाताना काय घेऊन जातो? काही जमाती रक्तातूनच शूर असतात, हा रॉबर्ट्ससाहेबाचाच सिद्धान्त तो नकळत खिशात घालून जातो.

सारागढीत त्या २१ जवानांबरोबर एक बिनलढाऊ छावणीसेवकही मारला गेला, असे सांगितले जाते. शौर्यपदक २१ जणांना मिळाले. छावणीत झाडलोट करणारा, पाणी वाहणारा, स्वयंपाक करणारा माणूस मेला तरी मोजदादीत येत नाही, हा लष्करी नोंदीचा नियम आणि आपल्या गावगाड्याचा नियम यांत आम्हाला तरी फारसा फरक दिसत नाही.

जगात सगळीकडे असेच चालते का? नाही. परदेशातील काही दिग्दर्शकांनी आपल्याच लष्कराच्या अन्यायाकडे कॅमेरा वळवण्याची हिंमत दाखवली आहे.

स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९५७ साली 'पाथ्स ऑफ ग्लोरी' काढला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सेनापती एक अशक्य हल्ला करायला लावतात. तो फसतो आणि आपली चूक झाकण्यासाठी तीन शिपायांना निवडून भित्रेपणाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या जातात. चित्रपटात जर्मन शत्रू जवळजवळ दिसतच नाही. शत्रू आपल्याच बाजूच्या महालात बसून मेजवानी झोडत असतो. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत लोकांसमोर येऊ शकला नाही. अठरा वर्षे! चित्रपट निरुपद्रवी असता तर त्याची एवढी भीती वाटली नसती.

१९८९ साली अमेरिकेत 'ग्लोरी' हा चित्रपट आला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या यादवी युद्धात लढलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या पलटणीची ती कथा आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि काळ्या शिपायाला १० डॉलर, त्यातूनही कपड्याचे ३ डॉलर कापायचे, असा न्याय होता. या पलटणीने अपुरा पगार घ्यायलाच नकार दिला. १८६४ साली अमेरिकन काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. ज्या अमेरिकन लोकांनी गुलामगिरी संपवली त्यांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला होता. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण याच सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. कटगुणच्या माणसाला सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी काळ्या माणसाचे दुःख आपले वाटले, आणि आमच्या चित्रपटवाल्यांना शेजारच्या वस्तीतील सुभेदाराचे दुःख दिसत नाही! 'ग्लोरी'चेही आम्ही आंधळे कौतुक करत नाही. काळ्या शिपायांची कथा त्यात बरीचशी त्यांच्या गोऱ्या कर्नलच्या नजरेतून सांगितली आहे, अशी टीका तेव्हाच झाली होती. आमच्यावर चित्रपट निघाला तर तो कोणाच्या नजरेतून निघेल, याचाही विचार त्यामुळे आजच करून ठेवावा लागेल.

तिसरे उदाहरण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. २००६ साली रशीद बुशारेब यांनी 'अँदिजेन' हा चित्रपट काढला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम शिपायांची ही कथा आहे. वसाहती स्वतंत्र झाल्यावर १९५९ च्या सुमारास फ्रान्सने या माजी सैनिकांचे पेन्शन गोठवून टाकले होते. शेजारी उभा राहून लढलेल्या फ्रेंच शिपायाचे पेन्शन वाढत गेले आणि यांचे तिथेच अडकून पडले. जवळपास पन्नास वर्षे अर्ज, विनंत्या, खटले चालले. चित्रपट आला, लोकांनी पाहिला, खुद्द राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी पाहिला. प्रदर्शनाच्या त्याच सुमारास सरकारने सुमारे ८० हजार माजी सैनिकांचे मूळ पेन्शन फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीने आणण्याचा निर्णय जाहीर केला. थकबाकी दिली नाही, आणि तोवर कितीतरी म्हातारे मातीआड गेले होते, हे खरे. तरीही एका चित्रपटाने सरकारच्या तिजोरीचे कुलूप हलवले, हेही तितकेच खरे आहे.

अन्याय पडद्यावर आला तर तो लोकांच्या स्मरणात राहतो, आणि स्मरणात राहिलेल्या अन्यायाचा जाब विचारता येतो. नुसते शौर्य स्मरणात राहिले तर टाळ्या मिळतात आणि टाळ्या संपल्यावर माणूस घरी जातो. आमच्या बाबतीत नेमके हेच होऊ घातले आहे.

भीमा-कोरेगावचे पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईवर चित्रपट काढण्याचे प्रयत्न झाले, गाणी निघाली, पोस्टर निघाली. मूळचे सांगली जिल्ह्याचे असलेले सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली या विषयावर माहितीपट काढला आणि आजचा समाज त्या स्तंभाकडे का जातो हे लोकांच्याच तोंडून ऐकवले. असे काम व्हायला हवे. पण बाजारू चित्रपटवाल्यांना पाहिजे तो फक्त पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार हा आकडा. पेशव्याची एकूण फौज मोठी होती, पण गावात शिरून प्रत्यक्ष लढलेली तुकडी तिच्या मानाने लहान होती. कंपनीच्या बाजूलाही महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाई होते. स्तंभावर कंपनीच्या ज्या ४९ मृतांची नावे आहेत, त्यांत 'नाक' प्रत्यय असलेली नावे २२ आहेत. खरा आकडा सांगितल्याने आमच्या पूर्वजांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट फुगवलेला आकडा सांगितला की विरोधकांना त्या एका आकड्याला टाचणी लावून अख्खा इतिहास फोडता येतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव परिसरात जे घडले, ते पाहता इतिहासाची वही आम्ही चोख ठेवली पाहिजे.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते केवळ विजयाचा सोहळा करायला नव्हे. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले, तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज येते काय? तुमच्या आधी आम्हाला लष्करात आणि पोलिसात प्रवेश नव्हता, आज आहे काय? स्तंभावरच्या नावांचा उपयोग बाबासाहेबांनी असा केला. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच दाराबाहेर उभे केले, हा हिशेब त्यांनी मांडला. त्यांच्या दृष्टीने कोरेगाव हा खटल्यातील पुरावा होता आणि खटला १८९२ चा होता. आज आम्ही पुरावा डोक्यावर घेऊन मिरवतो आणि खटला विसरतो, असे तर होत नाही ना?

यावर दोन आक्षेप येतील, त्यांची उत्तरे देऊन ठेवतो.

पहिला आक्षेप असा की ही तर परक्या इंग्रजांची चाकरी, तिचे रडगाणे कशाला? हा आक्षेप घेणारी मंडळी 'केसरी'ला शिट्ट्या मारून आलेली असतात. सारागढीचे जवान कोणाच्या राणीसाठी लढत होते? देशातल्या कितीतरी रेजिमेंटी आपली परंपरा इंग्रजी काळापासून मोजतात आणि ते योग्यच मानले जाते. मग महार शिपायाचा विषय निघाला की तेवढाच तो चाकर कसा ठरतो? ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी नव्हते, त्याने पाणी, पगार आणि पाटी देणारी पलटण निवडली, यात लाज कोणाला वाटली पाहिजे? ज्यांनी विहीर बंद केली त्यांना!

दुसरा आक्षेप असा की लष्करातील अन्याय दाखवला तर सैन्याचे मनोधैर्य खचते. फ्रान्सने चूक दुरुस्त केली म्हणून फ्रान्सचे सैन्य कोसळले नाही. आणि मनोधैर्याचे म्हणाल, तर महार रेजिमेंटचाच इतिहास पाहा. या रेजिमेंटने देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत देह ठेवला आणि ते परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ते जन्माने महार नव्हते, तमीळ होते. आज या रेजिमेंटमध्ये साऱ्या समाजांचे जवान खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ज्या नावाची जात १८९२ साली निकामी ठरवली गेली, ते नाव छातीवर लावून देशभरातील जवान अभिमानाने लढतात. रॉबर्ट्सच्या सिद्धान्ताला याहून सणसणीत उत्तर कोणते? पण सिद्धान्तच ठाऊक नसेल, तर हे उत्तर आहे हे कळणार कोणाला?

पडद्याने सोडलेली जागा आपल्याकडे पुष्कळदा साहित्याने भरून काढली. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच चोर ठरवून हजेरीला उभे केले, त्या मांग समाजाच्या तरुणाला अण्णाभाऊंनी नायक केले. १९६३ साली 'फकिरा'वर मराठी चित्रपटही निघाला. एका जातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवायचे आणि दुसरीला जन्मतःच लढण्यास नालायक ठरवायचे, ही एकाच सरकारची एकाच डोक्यातून निघालेली दोन कामे होती. त्यांपैकी एकाला वाटेगावने वाचा फोडली. दुसरे अजून वाट पाहात आहे.

मग करायचे काय? चित्रपटाला कोट्यवधी रुपये लागतात, ते आमच्याकडे नाहीत. पण चित्रपटाच्या आधी कथा लागते, कथेच्या आधी कागद लागतो आणि तो कागद आमच्या घरात आहे. सातारा-सांगलीतील कितीतरी बौद्ध कुटुंबांच्या माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, एखादे काळवंडलेले पदक पडून आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला जाण्याआधी बाहेर काढा. त्याचे फोटो घ्या. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल, निवृत्तीचे साल एका वहीत उतरवा. कुटुंबातील वृद्ध स्त्रियांना विचारा, कारण पलटणीच्या गोष्टी पुरुषांपेक्षा त्यांच्या ध्यानात जास्त राहतात. गावातील महायुद्धाचा दगड वाचून या आणि त्या आकड्यात आपल्या वस्तीतील कोण होते ते शोधा. आमचे महाविद्यालयीन तरुण हातात मोबाईल घेऊन रात्रंदिवस रील काढतात. त्यांनी एका म्हाताऱ्या माजी सैनिकाची तासभर मुलाखत घेतली, तर ती पन्नास वर्षांनी पुरावा ठरेल. विहारात दर महिन्याला एक संध्याकाळ या कामाला द्यायला हरकत नाही.

उद्या आमच्यातूनच एखादी मुलगी, एखादा मुलगा कॅमेरा घेऊन उभा राहील. त्याला भव्य तोफांची गरज नाही. भरतीच्या मैदानावर एक तरुण उभा आहे. त्याची उंची मोजली, छाती मोजली, डोळे तपासले, सारे काही ठीक. मग कारकून मान वर न करता त्याची जात विचारतो. मागे, मैदानाच्या कडेला, छातीवर तीन पदके लावून आलेला त्याचा बाप उभा आहे. एवढे एक दृश्य पुरे आहे. ज्या दिवशी ते महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत दिसेल, त्या दिवशी प्रेक्षकांना कळेल की या देशातील काही सैनिकांना शत्रूशी लढण्याआधी भरतीच्या टेबलाशी लढावे लागले होते. तोपर्यंत ट्रंकेतील कागद वाळवीपासून सांभाळणे, हे आमचे काम आहे.